सोज्वळ भुतांचा धंदा

माझ्या भुतांना आजवर कोणी घाबरलेलं नाही. एक अपवाद आहे, पण तो यथावकाश सांगते.

कॅनबेरात, गुंगालिनच्या आमच्या घराच्या गराजमध्ये मी गेली चौदा वर्षं हॅलोविनसाठी कागदाच्या लगद्याची भुतं करते. चेटकिणी, सांगाडे, भोपळे, थडग्यातून वर आलेले हात, असं सगळं. एका गिऱ्हाइकाने ऑर्डर देऊन व्हॅम्पायर वेळेवर नेलाच नाही, तर तो अख्खी दिवाळी आमच्या वॉशिंग मशीनशेजारी उभा होता आणि मी त्याच्या हातावर टॉवेल वाळत घालत होते. पुण्याहून जाऊबाईंचा फोन आला की त्या चौकशी करतात, "तुझं ते... अजून चालू आहे का गं?" ते म्हणजे भुतं. पण सणासुदीला तो शब्द तोंडातून काढायची त्यांची तयारी नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मुलं चित्रविचित्र कपडे घालून घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात आणि लोक अंगणात भुतंखेतं मांडतात, तो हॅलोविन. मूळ सण उत्तर गोलार्धातला, थंडी-अंधाराच्या दिवसांतला. आमच्याकडे तेव्हा ऐन वसंत असतो. संध्याकाळी साडेसातपर्यंत लख्ख उजेड. फुलपाखरं उडताहेत, शेजारी गवत कापतोय आणि मध्ये आपलं भूत उभं. अंधारात कसलंही भूत खपून जातं. उन्हात त्याचा प्रत्येक पोपडा दिसतो, म्हणून इथे भूत करायचं तर ते नीटच करावं लागतं.

काम तसं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. आधी तारेच्या जाळीचा सांगाडा बांधायचा. मग मैद्याची खळ शिजवायची. कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून थरावर थर चढवायचे आणि नाक, भुवया, बोटं अशा नाजूक गोष्टी भिजवून कुटलेल्या लगद्याने घडवायच्या. मग वाळवण, घासकाम, रंग, वॉर्निश. खरी अडचण कागदाची. वर्तमानपत्रं हल्ली दिसेनाशी झाली आहेत आणि पत्रपेटीत येऊन पडणारी गुळगुळीत जाहिरातपत्रं पाणीच पीत नाहीत. त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या पार्सलांत भांड्यांभोवती गुंडाळलेली मराठी वर्तमानपत्रं मी इस्त्री करून ठेवते. त्यांतूनही देवांचे फोटो असलेली पानं बाजूला काढते, कारण गणपतीवर खळ फासून त्याचा सांगाडा करायला माझा हात धजत नाही. छोट्या जाहिराती मात्र बिनदिक्कत वापरते. एकदा एका सांगाड्याच्या बरगडीवर रंग पातळ लागला आणि त्यातून "वधू पाहिजे" दिसू लागलं. ग्रेग नावाच्या गिऱ्हाइकाने हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी अर्थ सांगितला. त्याने सांगाड्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "पुअर बगर. बराच वेळ थांबलेला दिसतोय."

लगद्यात मी वाटलेली मेथी घालते. ही माझ्या आईची पद्धत. साताऱ्याला आई रद्दी भिजवून लगद्याच्या टोपल्या करायची, सुपं लिंपायची, आणि कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथी वाटून घालायची. माझ्या भुतांना त्यामुळे बाळंतिणीच्या लाडवांचा वास येतो. पहिल्या वर्षी एका पाळणाघरासाठी ड्रमएवढा भोपळा केला होता. मेथी घाईत भरडच वाटली गेली आणि भोपळा वरून वाळला पण आतून ओला राहिला. चार दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवू लागले. तर त्या (इथे माझं नाव सगळ्यांनी 'सू' एवढंच ठेवलंय) आनंदाने ओरडत होत्या, "सू, त्याला केस येताहेत!" मेथीला मोड आले होते, आणि भोपळ्याच्या डोळ्या-तोंडातून हिरवीगार मेथी लोंबत होती. मुलं तिला रोज पाणी घालत होती. पुढल्या वर्षी त्यांनी केसाळ भोपळाच मागितला. तेव्हा मी मुद्दाम भरड वाटली, तर एकही दाणा उगवला नाही.

आता माझ्या मुख्य दोषाकडे येते. पुण्यात मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, पण त्याच्याही आधी माझा हात वळला तो आईजवळ बसून गौरीचे मुखवटे रंगवताना. सरळ नाक, भरलेले गाल, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. तो चेहरा हातात असा काही बसला आहे की जातच नाही. चेटकीण करायला घेतली की भुवया रागीट काढते, दात वेडेवाकडे काढते, पण शेवटी डोळे रंगवले की बाई अशी प्रेमळ दिसायला लागते की जणू आत्ता म्हणेल, जेवूनच जा. माझी भुतं हसतमुख, सत्शील आणि घरंदाज असतात.

आमच्या मराठी गिऱ्हाइकांना मात्र ती पसंत पडतात. केतकी नावाची पुण्याचीच एक मुलगी इथे सरकारी खात्यात आहे. तिचा फोन आला. "काकू, मुलं मागे लागलीत, एक भूत हवंय. पण अपशकुनी नको हं. सासूबाई आल्यात."

"म्हणजे कसं हवंय?"

"म्हणजे भूतच, पण पॉझिटिव्ह. आणि तोंड दक्षिणेकडे नको."

मी म्हटलं, "तोंड तू फिरवशील तिकडे फिरेल. पॉझिटिव्हची काळजी करू नकोस, माझ्याकडे दुसरा मालच नाही."

आणि कुंकू. पहिली मोठी चेटकीण पूर्ण झाली, डोळे रंगवून झाले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझं बोट आपोआप करंड्यात गेलं. मी तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं आणि बघतच राहिलं. "ऑसम! हिला गोळी कोणी घातली?" तेव्हापासून चेटकीण न्यायला येणारे निम्मे लोक "विथ द बुलेट होल, प्लीज" म्हणून सांगतात. मी सुरुवातीला समजावून सांगायचे. मग कंटाळले आणि ऑर्डरच्या वहीत 'कुंकवासह' असं लिहू लागले.

ही झाली गमतीची बाजू. पण या धंद्याने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी डोरिसची गोष्ट सांगते.

मॉरीन आमच्या समोर राहायची. ऐंशीच्या पुढची, काटक, बागेत कायम गमबूट घालून. दोन वर्षांपूर्वी गौरींच्या आधी ती माझ्या गराजच्या दारात आली. तिच्यामागे ढकलगाडीवर सात फुटी डोरिस आडवी पडली होती.

डोरिस ही मॉरीनच्या नवऱ्याने, लेनने, केलेली चेटकीण. लेन बस चालवायचा. वीसेक वर्षांपूर्वी नातीच्या शाळेच्या जत्रेसाठी त्याने ती केली आणि मग दर ऑक्टोबरात अंगणातल्या गम ट्रीखाली, म्हणजे निलगिरीखाली, उभी करायला लागला. तेव्हा इथे हॅलोविनला कोणी विचारत नव्हतं. गल्लीतली म्हातारी माणसं हे अमेरिकन खूळ म्हणून नाकं मुरडायची. लेनने कधी मनावर घेतलं नाही. तो जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मॉरीन एकटीच तिला ओढत बाहेर काढायची. त्या हिवाळ्यात काकाकुव्यांचा थवा डोरिस ठेवलेल्या कारपोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या उघड्या शेडमध्ये, शिरला. काकाकुवा हा पक्षी भुकेपोटी काही फाडत नाही, निव्वळ मजा म्हणून फाडतो. डोरिसचं नाक गायब होतं, एक खांदा उसवला होता आणि खालचा भाग ओल लागून कुजला होता.

"मी घर विकलंय, सू," मॉरीन म्हणाली. "हॅलोविन झाला की शनिवारी रिटायरमेंट व्हिलेजमध्ये. एक बेडरूम, एक कपाट. हिला एकदा शेवटचं उभं कर. मग टिपवर देऊ."

टिप म्हणजे कचरा डेपो. हे बोलताना ती डोरिसकडे बघत नव्हती.

मी डोरिस ठेवून घेतली. पाठ उघडून आत टॉर्च मारला तर वर डोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. लेनने दर वर्षीच्या दुरुस्तीची नोंद करून ठेवली होती. नवी हनुवटी बसवली. मॉ म्हणते फार मोठी झाली. पुढल्या ओळीत, हनुवटी लहान केली. मग, मॉ म्हणते आधीचीच बरी होती. मी मॉरीनला बोलावून वाचून दाखवलं. ती स्टुलावर बसली, पोट धरून हसली आणि मग अंगातल्या कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसत राहिली. मी चहा ठेवला.

दुरुस्ती मला जमली असती, पण एवढं करून आठवड्याभराने तिला कचऱ्यात टाकायचं, हे काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आमच्या घरात ठेवावी तर तेव्हा चार ऑर्डरी, दोन सायकली आणि प्रकाशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ट्रेडमिल तिथे कोंबलेलं होतं. शिवाय ती आमच्याकडे येऊन काय उपयोग? ती मॉरीनची होती.

मग गौरी आल्या, जेवल्या आणि गेल्या. विसर्जनानंतर मी दोन्ही मुखवटे मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवत होते, आणि झाकण लावता लावता हात थांबला. आपली गौर तरी वर्षभर कुठे सात फुटी असते? मुखवटा डब्यात, घडीचा स्टँड पलंगाखाली, साडी कपाटात. तीन दिवस ती उभी राहते आणि उरलेलं वर्षभर तिला एक फळीसुद्धा जास्त होते.

मी डबा उचलला आणि तशीच समोर गेले.

मॉरीनने मुखवटे हातात घेऊन पाहिले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला डोरिसचा शिरच्छेद करायचाय."

"हो, तसंच काहीसं."

"तुमची देवी वर्षभर डब्यात राहते, आणि तिला राग नाही येत?"

"तीन दिवसांत आम्ही तिला इतकं खायला घालतो की राग धरायची ताकद राहत नाही."

ती हसली, पण हो म्हणाली नाही. मी तिला गळ घातली नाही. वीस वर्षांचा कागद ठिसूळ झालेला असतो. करवत चुकली, एक तडा वर गेला, तर चेहऱ्याचे दोन तुकडे, आणि लेनच्या हातचं जे काही उरलं होतं तेही माझ्या हातून जाणार. ते तिलाही कळत होतं.

दोन दिवसांनी ती लेनची करवत घेऊन आली. "करायचं तर याने कर," एवढंच म्हणाली.

तिने डोरिसचे दोन्ही कान धरले आणि मी मानेवर करवत लावली. अर्धं कापून झाल्यावर बारीक काडकन आवाज झाला. जबड्यापासून एक तडा निघाला आणि गालावरून थेट डाव्या डोळ्याच्या दिशेने वर गेला. आम्ही दोघी बघत राहिलो. तडा डोळ्याच्या बोटभर खाली थांबला. मी करवत खाली ठेवली, पातळ खळ केली, ब्रशाने तड्यात भरली आणि त्या दिवशी पुन्हा करवतीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं कापलं. ते सुखरूप सुटलं तेव्हा मॉरीन ते डोकं पोटाशी धरून गराजभर फिरली.

मग नाक. मी पहिलं नाक केलं. मॉरीन म्हणाली, "टू नाइस." दुसरं केलं, तेही टू नाइस. तिसऱ्यावर नुसतीच मान हलवली. मग तिने गुपित फोडलं. डोरिस हे लेनच्या आईचं नाव. हे नाक म्हणजे तिच्या सासूबाईंचं नाक होतं. सासूबाई घरी आल्या की आधी फ्रिजच्या वरून बोट फिरवायच्या आणि मग ते बोट उजेडात धरून बघायच्या.

"अगं, हे तर काहीच नाही," मी म्हटलं, आणि तिला प्रकाशच्या नलू आत्यांबद्दल सांगितलं. आत्या घरात शिरल्या की ओट्यावरच्या प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून आत नाक घालायच्या, आणि एकदाही चांगलं म्हणायच्या नाहीत. सबंध दुपार आम्ही दोघींनी आपापल्या सासरची नाकं काढली. बोलता बोलता हात लगद्यात चालूच होता. संपलं तेव्हा पाहिलं तर मध्ये उंचवटा, टोकाला बाक आणि करपल्या दुधाचा वास आल्यासारख्या फुगलेल्या नाकपुड्या. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून एक दुष्ट नाक घडलं होतं.

तेवढ्यात प्रकाश ऑफिसमधून आला. गराजच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजला. खांद्यावरची बॅग खाली पडली, हात अर्धवट जोडले गेले आणि पाया पडायच्या बेतात कंबरही वाकली. "अगं, नलू आत्या कधी आल्या?"

माझ्या भुताला घाबरलेला हा एकुलता एक माणूस. डोळे मात्र मी रंगवले नाहीत. ते लेनने उघडले होते, त्याचेच राहू दिले.

त्या वर्षी हॅलोविन आणि दिवाळी एकत्रच आली. आमच्या दारात आकाशकंदील आणि रांगोळी, समोर गम ट्रीखाली डोरिस. डोकं जुनं, अंग म्हणजे आमच्या गौरीचा जुना स्टँड, त्यावर मॉरीनचा काळा गाऊन आणि लेनचा रेनकोट. मुलं मॉरीनकडून चॉकलेट घेऊन माझ्याकडे चकलीला येत होती. नेसवून झाल्यावर माझं बोट नेहमीसारखंच करंड्यात गेलेलं. एका मुलीने विचारलं, "हू शॉट हर?" मॉरीनने माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे घरी आलेल्या बाईला निघताना हे लावतात," मी सांगितलं. "म्हणजे, परत ये."

शनिवारी ट्रक येऊन सामान घेऊन गेला. मॉरीन गाडीत बसली, डोरिसचा डबा मांडीवर. मी करंडा घेऊन गेले होते, पण खिडकीशी माझा हात अडला. माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतरही गल्लीतल्या अर्ध्या घरांतल्या गौरींचे मुखवटे आईच रंगवून द्यायची. पण त्या गौरींच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. ती दाराआड उभी राहून ऐकायची, आणि मी, तिचीच मुलगी, त्या घरांमध्ये कुंकू लावून घेऊन यायचे. मला त्याची अजून लाज वाटते. मी बोट बुडवलं आणि मॉरीनच्या कपाळावर कुंकू टेकवलं, चांगलं मोठं, आईला लावायला हवं होतं तसं. तिने आरशात पाहिलं आणि माझा हात दाबला.

गेल्या हॅलोविनला मी त्या व्हिलेजमध्ये गेले. स्टँड उभा करायला मदत लागेल असं वाटलं होतं, पण मॉरीनने सगळं आधीच केलं होतं. तिच्या दारात, कडकडीत उन्हात, डोरिस उभी होती, गाऊन, रेनकोट आणि नलू आत्यांच्या नाकासकट. कपाळावर लाल टिळा. शेजारी खुर्चीत मॉरीन, तिच्याही कपाळावर तसाच. कुंकू नव्हतं म्हणून तिने लिपस्टिक वापरली होती.

समोरून वॉकर ढकलत एक म्हातारा आला. दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "स्ट्रूथ, मॉरीन! तुम्हा दोघींना गोळी कोणी घातली?"

"कोणी नाही, बॅरी," चॉकलेटचा वाडगा पुढे करत मॉरीन म्हणाली. "इट मीन्स कम अगेन."

बॅरीने एक चॉकलेट उचललं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, तिथे जरा थांबला, आणि वॉकर वळवून परत आला.